धरण धरलेला गडी

“आरं पर मला ह्ये सांगा, ही झूल पाठीवर बसती कशी?” आश्रुबा शिंप्याने अंक डोळ्यांच्या इतका जवळ नेला की त्याचं नाक विद्युत्कुमारच्या छातीला टेकलं. “खांद्याला ना टाका, ना बटन. गडी आभाळात उडायलाय तरी निसटत न्हाई. कोन शिंपी हाय ह्येंचा, एकदा भेटायला पायजे.”

“तुला शिंप्याची पडली,” माणिकराव म्हणाले. “तिकडं धरन फुटायलंय आन् तू बटन बगायलाय.”

रविवारची दुपार होती. ताडकळसचं पोस्ट बंद होतं, पण पोस्टाची ओसरी चालू होती. पोस्ट म्हणजे तरी काय, बन्सीधर तम्मेवारच्या किराणा दुकानाच्या डाव्या अंगाची खोली. एक टेबल, एक लाकडी पेटी, एक ठसा आणि भिंतीवर लाल पाटी. समोर बसथांबा. परभणीची बस दुपारी डाकेची थैली टाकून जायची आणि बन्सीधर किराण्याचे हात धोतराला पुसून तासाभरासाठी सरकारी माणूस व्हायचा.

याच थैलीतून महिन्याला एकदा ‘सप्तरक्षक’चा अंक यायचा. त्यातले सात शूरवीर दर महिन्याला मिळून जग वाचवायचे आणि जग पुढच्या महिन्यापर्यंत इमानदारीने पुन्हा संकटात सापडायचं. पुस्तक पोरासोरांचं होतं, हे ओसरीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून तर बाहेरचं माणूस दिसलं की अंक पटकन मिठाच्या पोत्याखाली जायचा. माणिकराव गावचे पाटील, बडे जमीनदार, घरात सुना आलेल्या; पण विद्युत्कुमारला कोणी नाव ठेवलं तर दोन दिवस बोलायचे नाहीत.

अंक मात्र यांच्यापैकी कुणाचाच नव्हता. तो यायचा नागनाथ खिल्लारे गुरुजींच्या नावावर. गुरुजी आठ मैलांवरच्या वाडीत शिक्षक होते, रोज बसने जायचे-यायचे. शाळेतल्या पोरांना वाचायची गोडी लागावी म्हणून त्यांनी वर्गणी भरली आणि गोडी लागली ती ओसरीला. गुरुजींची काही तक्रार नव्हती. “माझी वाट बगू नका शेठ, वरची कागदाची पट्टी फोडून वाचीत जा,” असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं.

गुरुजी बसायचे पायरीवर. ओसरीवर या असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं आणि नका येऊ असंही कुणी म्हटलं नव्हतं. बन्सीधर स्वतःला सुधारलेला समजायचा. तो गुरुजींना अहो-जाहो करायचा, चहाही द्यायचा. गुरुजींचा कप वेगळ्या कोनाड्यात असायचा हे खरं, पण तो चांगला फुलाफुलांचा कप होता, अशी बन्सीधरची समजूत होती.

“माझी माय एक इचारायली,” पायरीवरून गुरुजी म्हणाले.

चांगुणाबाईला अक्षरओळख नव्हती. गुरुजी रात्री जेवणं झाल्यावर तिला अंक वाचून दाखवायचे आणि ती मांडीवर घेऊन चित्रं बघायची.

“काय इचारायली?” बन्सीधरने विचारलं.

“भूधर कुठं हाय म्हनती. शेवटच्या पानावर राजा समद्यांना हार घालायलाय, त्यात भूधर न्हाईच. ती म्हनती, धरन बांधायला किती जीव जातो ते मला ठावं हाय. त्या गड्यानं दोन पानं धरन पाठीवर धरलं, आन् हाराच्या वक्ताला त्येला कुठं धाडलं?”

आश्रुबाने पान उलटलं. बोट ठेवून मोजलं. माणिकरावांनी अंक ओढून घेऊन पुन्हा मोजलं. सहा.

दगडासारख्या अंगाचा, कधी एक शब्दही न बोलणारा तो सातवा वीर खरंच चित्रात नव्हता. वाचता येणाऱ्या चार माणसांनी तो अंक तीन-तीनदा वाचला होता आणि जिला वाचता येत नव्हतं तिने माणसं मोजली होती. बहात्तरच्या दुष्काळात गावच्या तलावावर तिने आठ महिने दगड वाहिले होते, तिला धरणाचं कळणारच.

“बिल्कुल बराबर हाय तिचं,” माणिकराव म्हणाले. “ही इन्साफाची गोष्ट न्हाई. लिवा संपादकाला!”

बन्सीधरचं अक्षर म्हणजे गावाची इज्जत. त्याने कागद घेतला. गुरुजी पायरीवरून सांगत गेले आणि तो लिहीत गेला. माणिकरावांना संपादकाला चार शिव्या घालायच्या होत्या, त्या गुरुजींनी नम्रपणे गाळल्या. शेवटचं वाक्य गुरुजींनी जरा थांबून, जुळवून सांगितलं: ज्याने धरण पाठीवर धरलं त्याला सत्काराच्या चित्रात जागा मिळू नये, हे आम्हां वाचकांना पटलेलं नाही.

“वा!” आश्रुबा म्हणाला. “टाका आता समद्यांची नावं.”

“उद्या चांगल्या कागदावर उतरून काढतो, मंग टाकतो,” बन्सीधर म्हणाला.

माणसं पांगली. गुरुजी मागे रेंगाळले. एवढा शिकला-सवरलेला माणूस, पण त्यांना बोलायला संकोच वाटत होता.

“शेठ, माझं बी टाकताल न्हवं? शेवटी टाकलं तरी चालंल. मायला सांगतो म्हनलं. आपल्या मानसाचं छापील नाव तिनं कंदी बगितलं न्हाई.”

“ह्ये काय इचारनं झालं गुरुजी? टाकतो की!”

आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं होतं. पुढे कितीतरी वेळा आठवून पाहिलं तरी त्या क्षणी त्याच्या मनात खोट नव्हती.

सोमवारी सकाळी तो उतरवून काढायला बसला. मजकूर सुरेख उतरला. खाली पहिलं स्वतःचं नाव घातलं, कारण पत्र त्याच्या हातचं होतं. मग माणिकरावांचं, मग आश्रुबाचं. चौथ्या नावाला टाक थबकला.

अंक गावात येणार. माणिकराव तो चार माणसांना दाखवणार, पाहुण्यारावळ्यांत नेणार. एका ओळीत नावं. कुणीतरी म्हणणार, हे खिल्लारे कोण? मग माणिकरावांना ते आवडेल न आवडेल. त्यांची बारा गावांत सोयरीक. आपलं दुकान त्यांच्या आळीत. उगाच कशाला? गुरुजी समजूतदार आहेत; त्यांनी विचारलंच तर संपादकच अर्धी नावं गाळतात, म्हणता येईल.

माणिकराव यातलं अवाक्षर बोलले नव्हते. कदाचित छापून आल्यावरही बोलले नसते. हेच पुढे बन्सीधरला जास्त सलत राहिलं. कुणी हात धरला नव्हता, कुणी डोळे वटारले नव्हते. सगळा कारभार त्याने आपल्या मनानेच केला होता. त्याने तीन नावांखाली ‘ताडकळस, जि. परभणी’ लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पोस्टमास्तर या नात्याने स्वतःच त्यावर ठसा मारला.

संध्याकाळी बसमधून उतरल्या-उतरल्या गुरुजींनी विचारलं, “गेलं का पत्र?”

“गेलं की.”

“माझं नाव?”

“टाकलं की, गुरुजी,” बन्सीधर म्हणाला आणि ज्वारीच्या पोत्याचं तोंड बांधायला वळला. पोत्याचं तोंड आधीच बांधलेलं होतं.

पुढचा अंक आला, त्यात पत्र नव्हतं. बन्सीधरला हायसं वाटलं. देव करो आणि ते पत्र कचऱ्यात जावो, असं तो मनात म्हणाला. अख्ख्या गावातून मुंबईला गेलेलं सगळ्यांत देखणं पत्र ते. आणि ते हरवावं म्हणून पोस्टमास्तरच नवस बोलत होता.

चांगुणाबाई मात्र थकली नाही. शेतातून येता-जाता ती डाकेच्या वेळेला ओसरीखाली उभी राहायची. मुलगा मास्तर होण्याआधी बन्सीधर तिला ‘ए चांगुणे’ म्हणायचा, आता चांगुणाबाई म्हणायचा. तिच्या अंगावर विटकं हिरवं लुगडं असायचं.

“आलं का शेठ, नागनाथचं नाव?”

“न्हाई आलं अजून.”

“येईल, येईल. दूरचा रस्ता हाय,” असं उलट बन्सीधरलाच समजावून ती जायची.

त्याच्या पुढच्या महिन्यात, एका बुधवारी, थैलीतून अंक निघाला. बन्सीधरने पट्टी फोडली. ‘वाचक म्हणतात’ या पानावर, चौकट घालून, सगळ्यांच्या वर ताडकळसचं पत्र होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. गुरुजींचं वाक्य तर ठळक छापलं होतं. खाली तीन नावं. त्याखाली संपादकांचं उत्तर: चूक आमच्या चित्रकाराची, वाचकांची आम्ही माफी मागतो, पुढील अंकात भूधर सर्वांच्या पुढे उभा असेल.

आपलं नाव छापील अक्षरांत बघताना माणसाला काय वाटायला हवं ते बन्सीधरला कधीतरी वाटलं असतं. आत्ता त्याचे कान तापले.

“आलं न्हवं?”

त्याने दचकून मान वर केली. चांगुणाबाई पायरीपाशी उभी होती. अंकाचे रंग तिने लांबूनच ओळखले होते.

न्हाई म्हणायचं, एवढाच एक शब्द होता. पण पान उघडं होतं, चौकट दिसत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की बन्सीधरची जीभ उचलेना. आत्ताच सांगून टाकावं, चांगुणाबाई माझ्याकडून चूक झाली, असं त्याच्या मनात आलं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

“आलं,” तो म्हणाला.

“कंच्या जागी हाय? दावा की.”

त्याने अंक पायरीवर ठेवला. मजकुराच्या शेवटी बोट नेलं आणि तीन नावांतल्या पहिल्या नावावर टेकवलं. त्या क्षणी बोट दुसऱ्या नावावरही गेलं असतं, पण लाजेतसुद्धा माणसाचं बोट आपल्याच नावाकडे जातं. त्याने स्वतःच्या नावावर बोट ठेवून तिला सांगितलं, “ह्ये.”

चांगुणाबाई वाकली. दगड उचलून जाड झालेलं बोट लुगड्याला पुसून तिने त्या अक्षरांवर अलगद ठेवलं.

“ह्ये नागनाथ?”

“हं.”

“आन् ही खालची?”

“ती आमची. बाकीच्यांची.”

ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिने मान वर केली, तेव्हा तिचे डोळे भरले होते. “तुमच्या बी आधी टाकलं तुमी? पाटलाच्या बी आधी?” तिने हात जोडले. “लय मोठं मन हाय तुमचं, शेठ. कोन करतंय एवढं.”

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बन्सीधरला झालं.

“आन् त्या गड्याचं काय म्हनले ते?”

“म्हनले… चूक झाली आमची. माफी मागितली. फुडच्या वक्ताला त्येला समद्यांच्या म्होरं हुबा करू म्हनले.”

“बगा बरं. एवढी मोठी मान्सं, पर चूक झाली म्हनले.” तिने समाधानाने मान हलवली. “चांगली हायेत.”

अंक घेऊन ती घरी गेली नाही. थांब्यावरच्या लिंबाखाली बसून राहिली, पानात बोट घालून, म्हणजे जागा हरवायला नको. बस यायला अजून चार तास होते. बन्सीधरने या चार तासांत तीनदा चप्पल घातली आणि तीनदा काढली. गिऱ्हाइकाने गूळ मागितला तर त्याने मीठ तोललं. तिच्याआधी गुरुजींना गाठावं, पाया पडावं, असं ठरवून तो बसची वाट बघू लागला. पण बस वळणावर दिसली तेव्हा त्याचे पाय ओसरीवरून हललेच नाहीत.

गुरुजी उतरले. चांगुणाबाई उठली आणि तिने पान त्यांच्यासमोर धरलं, बोट जागेवर ठेवून. रस्ता काही रुंद नव्हता. ओसरीवरून सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं.

गुरुजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा बन्सीधरला बाजूने दिसत होता. त्यावर काही झालं नाही, फक्त ते बराच वेळ वाचत राहिले, दहा ओळींना लागतो त्याहून जास्त वेळ.

“ह्येच हाय न्हवं?” आईने विचारलं. “शेठनं दावलं. पयलं.”

“व्हय माय,” गुरुजी म्हणाले. “ह्येच हाय.”

“वाच की मंग. माझ्या गड्याचं वाच.”

गुरुजींनी पिशवी खाली ठेवली. वर्गात वाचतात तसं, सावकाश आणि स्पष्ट, त्यांनी रस्त्यात उभं राहून अख्खं पत्र वाचलं. धरणाचं वाचलं, हाराचं वाचलं, शेवटचं वाक्य वाचलं. आई प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मग ते नावांपाशी आले. ओसरीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

“नागनाथ खिल्लारे,” आईचं बोट होतं तिथे बघत त्यांनी वाचलं. मग माणिकरावांचं नाव वाचलं, मग आश्रुबाचं. मग गाव आणि जिल्हा.

अंक मिटून त्यांनी आईच्या हातात दिला, पिशवी उचलली आणि दोघं वस्तीच्या वाटेला लागली. चांगुणाबाई पुढे चालत होती. बन्सीधर ओसरीवर उभा राहिला. गावातली सगळी नावं त्याने इतकी वर्षं पाकिटांवर वाचली होती, आपलं नाव गाळून वाचलेलं त्याने आज पहिल्यांदा ऐकलं.