न उतरलेली हळद

हळद केसरबाईच्या लेकीची, आणि मांडवातल्या बायकांचे डोळे मात्र केसरबाईच्या धाकट्या जावेवर. आता याला काय म्हणावं? अन्नपूर्णा चापूनचोपून नऊवारी नेसून आली, खाली मांडी घालून बसली आणि कुणाच्या हाताचा आधार न घेता उठलीसुद्धा. पिंपळगाव राजातल्या साऱ्या बाया तिच्या कमरेकडे बघत राहिल्या. केसरबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

वर्षापूर्वीपर्यंत दोघी जावा सारख्याच आडव्या होत्या. दुधातुपाच्या घरात पडल्या, अंगं सुटली, आणि जीपच्या मागच्या बाकावर दोघी मिळून मावेनाशा झाल्या. खामगावच्या डॉक्टरांनी दोघींची पोटं दाबून पाहिली. लिव्हरवर चरबी चढली आहे, वजन उतरवा, असं दोघींनाही बजावलं. केसरबाईनं चार दिवस अर्धी भाकरी खाल्ली आणि सोडून दिलं. अन्नपूर्णेचा भाऊ मात्र मुंबईत होता. तिथे एका सर्जनने आतडं आखूड जोडून वजन उतरवायचं नवंच ऑपरेशन सुरू केलं होतं. खाल्लेलं अंगी लागतच नाही म्हणे. भावानं बहिणीला नेलं, आणि वर्षात अन्नपूर्णा निम्मी झाली. लिव्हरवरची चरबीही गेलीच असणार, असं घरानं धरून टाकलं. सर्जनने पुन्हा तपासायला बोलावलं होतं. पण इतक्या सडसडीत बाईचं काय तपासायचं, म्हणून कुणी नेलं नाही.

केसरबाई जळत होती. देवापुढे हात जोडले तरी मनात तीच कंबर. जेवण झालं रे झालं की अन्नपूर्णा घाईघाईने परसाकडे पळते, हेही तिनं टिपलं होतं. ही कसलं तरी औषध चोरून घेते आणि आपल्याला सांगत नाही, अशी तिची खात्रीच होती. शेवटी मान खाली घालून तिनं त्या भावालाच गळ घातली. लेकीचं लग्न उरकलं की केसरबाईचंही ऑपरेशन, असं ठरलं. तिनं तर अन्नपूर्णेच्या मापाची एक चोळी गुपचूप शिवून ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती.

नवरीला हळद लागली, मग बायकांनी एकमेकींना माखलं. अन्नपूर्णेला हळद काय खुलते, असं कुणीतरी म्हणालं आणि केसरबाईनं दात आवळले. दुपारी न्हाणीपाशी सगळ्यांनी तोंडं धुतली. सगळ्यांची हळद उतरली, अन्नपूर्णेची उतरेना. लोकांनी वाखाणावं म्हणून ही बया नीट धूतच नाही, असं पुटपुटत केसरबाईनं तांब्याभर पाणी घेतलं आणि ओल्या पदराने तिचा गाल खसखसून पुसला. पदर कोराच राहिला. तिनं दुसरा गाल पुसला, आणि मग तिची नजर जावेच्या डोळ्यांवर गेली. डोळ्यांत तर कुणी हळद लावत नाही.

"काऊन व, कधीपासून हाये हे?" तिनं हळूच विचारलं.

"लय दिवस झाले, बाई. जेवलेलं पोटात ठरतच नाही. हातपाय गळून राह्यले."

"मंग बोलली काऊन नाही?"

"बोलली असती तर मुंबईच्या डाक्टरानं आतडं पुन्हा लांब जोडलं असतं. मी पह्यलेसारखी झाली असती." अन्नपूर्णेनं खाली बघितलं. "अन् तुमी माह्यावर जळता, ते मले लय गोड लागे. जलमात कोणी माह्यावर जळलं नोतं."

केसरबाईला राग यावा की रडू, काही कळेना. खरं सांगायचं तर, त्या पिवळ्या डोळ्यांपुढे उभी असतानाही तिची नजर एकदा त्या कमरेवर जाऊन आलीच. मग मात्र तिनं अन्नपूर्णेच्या नवऱ्याला, भगवानरावांना, मांडवातून हाक मारून बोलावलं आणि डॉक्टरांना आणायला जीप पिटाळली.

डॉक्टरांनी अन्नपूर्णेचं पोट दाबलं आणि ते गंभीर झाले. "पोटावरची चरबी गेली, पण लिव्हरवरची वाढली. आत्ताच मुंबईला न्या. आतडं पूर्वीसारखं जोडलं तर अजून वाचतील. वजन परत येईल, त्याला इलाज नाही."

लग्न उद्यावर असल्यामुळे केसरबाईला जाता येईना. तुमच्या मेहुण्याला सांगा, ऑपरेशनातून माझं नाव काढून टाक म्हणावं, असा निरोप तिनं भगवानरावांपाशी दिला. मग जावेची पिशवी भरायला ती स्वतः बसली. ट्रंक उघडली, तळाची ती चोळी हातात घेतली, आणि पुन्हा खाली सारली. पिशवीत तिनं आपल्याच अंगातल्या दोन ढगळ चोळ्या घातल्या. वजन परत आलं की अन्नपूर्णेला त्याच लागणार होत्या. त्यांच्या घड्या घालताना केसरबाईला फार गोड वाटलं, आणि आपल्याला गोड वाटतंय हे ध्यानात आल्यावर ती ट्रंकेवर डोकं ठेवून रडली.