हुल्डाबाईंनी शिवलेला टोप

मित्रांनो, मी एक जुना कातडी टोप आहे. दांडग्या पोरांच्या डोक्यावर बसलो, पण जन्मभर भ्यालेलाच राहिलो.

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका लहान गावात खोगीरवाल्या हुल्डाबाईंनी घोड्याच्या गळपट्ट्याच्या उरलेल्या कातड्यातून मला शिवलं. त्यांचा मुलगा ॲन्सेल कॉलेजच्या फुटबॉल संघात होता. तो खेळ नावालाच पायांचा. एकमेकांचे कमरपट्टे धरायचे आणि पाचरीसारखं समोरच्यांवर आदळायचं. १९०५ सालच्या त्या हंगामात वर्तमानपत्रात या खेळात मेलेल्या पोरांची नावं येत. बाई ती उभ्यानेच वाचत.

"आई, पोरं हसतील गं मला."

"हसू दे. घोड्याला खोगीर लागतं, गाढवाला टोप. घाल मुकाट्यानं."

पोरं हसलीच. कप्तान रॉस्कोनं तर जूनपासून केसांना कात्री लावली नव्हती. डोकं राखायची तेव्हा तीच पद्धत. "काय रे ॲन्सेल, आईनं दुधाची बाटली नाही दिली बरोबर?"

सहा सामने आम्ही जिंकलो. मला शाबासकी मिळाली नाही, तडे मात्र गेले. प्रत्येक धडकेला माझे टाके करकरत आणि मी मनात म्हणे, आज आतलं काही फुटलं तर?

सातवा सामना नोव्हेंबरातल्या सणाच्या दिवशी होता. घरोघरी टर्की कोंबडी भाजायला ठेवलेली. सामना बरोबरीत होता. माणसांच्या ढिगाखालून रॉस्को उठला तो हसतच.

"ॲन्सेल, सामना कधी सुरू होणार रे?"

"सुरू होऊन तास झाला."

"अस्सं." आणि घटकाभरानं त्यानं पुन्हा तेच विचारलं.

नियम असा, की बाहेर गेलेला गडी परत येत नसे. म्हणून लागलं तरी कुणी बोलायचंच नाही. तोंडावरून ओला स्पंज फिरवायचा आणि गड्याला उभा करायचा. ॲन्सेलनंही तेच केलं. वर मला काढून रॉस्कोच्या डोक्यावर बांधलं. "आता काही होत नाही तुला."

मी त्या डोक्याला टेकलो आणि गारठलो. कानामागे अक्रोडाएवढी गाठ धडधडत होती. मान एका बाजूला कलत होती. अरे, मी नुसतं कातडं आहे, असं मला ओरडायचं होतं. पण टोपाला वाचा कुठली?

पाचर रचली गेली. टोकाला रॉस्को, मागे त्याचा पट्टा धरून ॲन्सेल. त्यानं पट्टा ओढून विचारलं,

"रॉस्को, चेंडू कुठल्या हातात आहे तुझ्या?"

रॉस्कोकडे चेंडू नव्हताच. तो आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिला.

ॲन्सेल पंचाकडे वळला. "आमचा कप्तान बाहेर जातोय."

आम्ही हरलो. रॉस्को महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून होता, मग उठला. पुढे त्यानं धान्याचं दुकान काढलं, त्याला चार मुलं झाली. ॲन्सेलशी मात्र तो कधीच बोलला नाही. "मला काही झालं नव्हतं. त्या भित्र्यानं सामना घालवला," असं सांगत फिरला, आणि गावानं ते मानलं. ॲन्सेलच्याही मनात कीड राहिली, आपलं चुकलं की काय. खरं काय ते मला ठाऊक. ते डोकं माझ्यात होतं. आणखी एक धडक त्याला सोसली नसती.

मित्रांनो, तुमचा सोबती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर टोप बांधून मोकळे होऊ नका. हात धरून त्याला बाहेर न्या. कदाचित तो जन्मभर बोलणार नाही. चालेल. रस्त्यानं तो धडधाकट जाताना तरी तुम्हाला दिसेल.