तीनला लाईन येते

प्रेमानंदला नोकरीतून मोकळं होऊन दोन वर्षं झाली होती, पण लोकांनी त्याला मोकळं सोडलं नव्हतं. चौतीस वर्षं लाइनमनचं काम केलेला माणूस. लग्नात जेवायला बसला तरी शेजारचा बिलाचं रडगाणं लावायचा, मयतीला गेला तरी कुणाचा तरी पंखा आवाज करत असायचा. शेवटी त्यानं यावर एक तोड काढली. परक्या माणसांत आपला धंदा सांगायचाच नाही. कुणी विचारलंच तर ‘शेती’ म्हणायचं. शेती म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

मे महिन्यातल्या त्या दुपारी तो चिखलीहून मेहकरला निघाला होता. जीप भरायला पाऊण तास लागला आणि भरली ती अशी, की श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला विचारून घ्यावा. शेजारी पंचावन्न-साठीची एक बाई, डोक्यावर पदर, मांडीवर कूलरच्या दोन नव्या ताट्या. ताटीतलं गवत प्रेमानंदच्या दंडाला टोचत होतं.

“टोचते काय हो भाऊ? सोसून घ्या जराशीक.”

“सोसून राह्यलो ना. चव्वेचाळीस डिग्री सोसतो, तुमची ताटी काय चीज हाय?”

“चव्वेचाळीस? आमच्या गावात तं पन्नास असन.”

“तुमच्या गावात मोजते कोण?”

“माह्यं डोकं मोजते,” बाई म्हणाली, आणि पुढच्या सीटवरचे दोघंही हसले.

मग काय, गप्पांना ऊतच आला. बाईनं सकाळी टाकलेल्या कुरडया अकरापर्यंत कडक वाळतात, असं ऊन तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. प्रेमानंदच्या गच्चीवर रात्री बारापर्यंत पाठ टेकवत नव्हती. टँकर चौथ्या दिवशी येतो. लोणच्याला यंदा कैरी धड नाही, मीठ मात्र हात राखून घालावं, नाहीतर सून नाक मुरडते. सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, मुलगा तिकडेच कामाला होता, घरात ती आणि आठ वर्षांची नात. पोट्टी दिवसभर कूलरपुढेच लोळते म्हणून या ताट्या. प्रेमानंदला ही बाई फार आवडली. असं हलकंफुलकं, कामाचं नसलेलं बोलणं त्याला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

“कूलर बाकी चांगला हाय,” बाई म्हणाली. “भाच्यानं जोडून देल्ला. पाणी टाकताना हाताले झिणझिण लागते, तेवढंच. म्हणून मी चप्पल घालून टाकतो. त्यानं काही होत तं नाही ना हो?”

खरं उत्तर प्रेमानंदच्या जिभेवर आलं होतं. पण ते दिलं की ‘तुमाले काय माहीत’ आलं, मग ‘येऊन पाहून द्या ना’ आलं, आणि रंगलेल्या गप्पांचा बेरंग झाला असता. शिवाय बाई चप्पल घालते म्हणते, म्हणजे शहाणी आहे.

“काही नाही होत,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात सगळेच कूलर झिणझिणतात.”

“हाव ना? मीही तेच म्हणतो. आज तं सकाळपासून लाईनच नाही. तीनले येते म्हणे. तवर ताट्या बसवून घेतो. कूलरचं बटन आम्ही चालूच ठेवतो, लाईन आली का बरोबर समजते.”

“आमच्या घरीही तसंच,” प्रेमानंद हसत म्हणाला. खैरखेड फाट्यावर बाई ताट्या डोक्यावर घेऊन उतरली. उतरताना ‘पाणी पीत जा भाऊ’ असंही म्हणाली.

चांगल्या गप्पा झाल्या की माणूस त्या पुन्हा एकदा मनात घोळवतो. जीप हिवरा आश्रमाच्या जवळ आली तोवर प्रेमानंद एकटाच गालात हसत होता. डोकं मोजते म्हणे! मग कुरडया आठवल्या, मीठ आठवलं, आणि मग बाकीचं. झिणझिण लागते. लाईन नाही. बटन चालू. तीन वाजता. ताटी बसवायची म्हणजे हात कोपरापर्यंत कूलरच्या आत, खाली सांडलेलं पाणी.

झिणझिण याचा अर्थ पत्र्यात करंट उतरला आहे, एवढंच. आजवर बाईला वाचवलं ते फक्त पायातल्या रबरानं.

नोकरीत असताना एका गावात त्याला अशाच घरी बोलावलं होतं. तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. फरशीवर पाणी, आडवी पडलेली बादली, आणि कूलर तसाच चालू. पडलेल्या माणसाच्या अंगावर तो गार हवा मारत होता. ते केस उडताना प्रेमानंदनं पाहिले होते आणि नंतर महिनाभर त्याला घरच्या कूलरपुढे झोपवलं नव्हतं.

घड्याळात दोन बत्तीस झाले होते.

“गाडी थांबवा!” तो इतक्या जोरात ओरडला की ड्रायव्हरनं घाबरून ब्रेक दाबला.

फोन करायचा तर कुणाला? बाई लोणच्यात मीठ किती घालते हे त्याला ठाऊक होतं, तिचं नाव ठाऊक नव्हतं. फाट्याच्या दोन अंगाला दोन गावं, त्यातलं तिचं कुठलं, तेही विचारायचं राहून गेलं होतं. विजेच्या सबस्टेशनवर आसिम होता, प्रेमानंदच्या हाताखाली शिकलेला; गावांची लाईन सोडणं त्याच्याकडे होतं. प्रेमानंदनं त्याला फोन लावला.

“आसिम, खैरखेडकडची लाईन सोडू नको बे. कोणी तरी मरन.”

“कोण काका? कोणाच्या घरी?”

“मले नाव माहीत नाही.”

“काका, सकाळपासून सहा गावं उन्हात बसून राह्यली. साहेबाले काय सांगू? नाव ना गाव.”

“माह्यं नाव सांग. पाया पडतो तुह्या.”

चौतीस वर्षांत प्रेमानंद कुणाच्या पाया पडला नव्हता. आसिमही चपापला. “दहा मिनिटं लांबवतो,” तो म्हणाला. “तीन दहा. त्याच्यावर माह्या हातात नाही.”

रस्त्यावर एक दूधवाला रिकाम्या कॅन घेऊन चिखलीकडे निघाला होता. प्रेमानंदनं त्याच्यापुढे अक्षरशः आडवा उभा राहून मोटारसायकल थांबवली आणि मागे बसला. समोरून भट्टीसारखी झळ येत होती. काही नाही होत. हेच शब्द त्यानं म्हटले होते, वर हसलाही होता. स्वतःचीच त्याला इतकी चीड आली की दूधवाल्याचा खांदा त्यानं आवळून धरला आणि तो बिचारा ‘भाऊ, गाडी पडन’ म्हणाला.

फाट्यावर चहाची टपरीवाली गीताबाई टपरीतच झोपली होती. तिला हलवून उठवावं लागलं.

“ताट्या घेऊन उतरलेली? मनकर्णाबाई व्हय ते. डाव्या अंगाले, पाण्याच्या टाकीजवळचं घर. काऊन, काय झालं?”

सांगायला वेळ नव्हता. गावात शिरताना तीन नऊ झाले आणि खिशात फोन वाजला.

“काका, साहेबाचा फोन आला. मी सोडून राह्यलो.”

“दोन मिनिटं बे! आसिम, फक्त दोन—” फोन बंद झाला.

टाकीजवळचं पत्र्याचं घर. अंगणाच्या खिडकीत लोखंडी कूलर. बाई कुठेच दिसत नव्हती. कूलरपुढे दगडावर एक मुलगी उभी होती, फ्रॉक ओला, पाय अनवाणी, दगडावर पाणीच पाणी. बादली बाजूला ठेवून ती वाकली होती आणि दोन्ही हात कूलरच्या टाकीत घालून पाणी हलवत होती.

“हात काढ!” प्रेमानंद ओरडला. “पोरी, हात काढ आधी!”

परका माणूस अंगावर धावून येतोय म्हटल्यावर पोरगी भेदरली. हात बाहेर आले, पण पळायच्या ऐवजी तिनं कूलरचीच कड गच्च धरली. तिला ओढायला गेलं आणि तेवढ्यात लाईन आली, तर दोघंही मेले असते. प्रेमानंद तिच्या शेजारून घरात घुसला.

आत त्याला काहीच दिसेना. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे नुसता काळोख. बोर्ड कुठे आहे? तो भिंत चाचपत निघाला. खुंटीला टांगलेले कपडे, कॅलेंडर, फळी. एक डबा खाली पडला. चौतीस वर्षं त्यानं काळोखात वायरी शोधल्या होत्या आणि आज साधा बोर्ड सापडत नव्हता. शेवटी बोटांना वायर लागली. तिच्या मागोमाग तो बोर्डापर्यंत गेला, पिन मुठीत धरली आणि उपसून काढली.

पिन हातात आली आणि डोक्यावरचा पंखा कुरकुरत फिरायला लागला. शेजारच्या घरात टीव्ही बोलू लागला. बाहेर पोरगी भोकाड पसरून रडत होती. त्या रडण्यानं प्रेमानंदचा जीव भांड्यात पडला. तो बोर्डाखालीच बसला.

“कोण हाय रे? कोण घुसलं घरात?” मागच्या दारातून मनकर्णाबाई धावत आली. ताटी बांधायला तार आणायला ती मागे गेली होती. “अरे! गाडीतले भाऊ?”

“मी लाइनमन होतो,” प्रेमानंद म्हणाला. “कूलरच्या पत्र्यात करंट हाय बाई. आता लाईन आली. पोरगी चिकटली असती.”

मनकर्णाबाईनं फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, मग दारातून दगडावरच्या पाण्याकडे. तिनं नातीला, समताला, आत ओढून छातीशी धरलं. पोरीचे ओले हात ती पदरानं पुसत राहिली, कोरडे झाले तरी पुसत राहिली. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रेमानंदला सोसवेना.

“मी हिले कूलरले कधी हात नाही लावू देल्ला, भाऊ. कधीच नाही. मले पाणी टाकू दे म्हणून रोज रडे, मी धपाटा देत होतो. मले भेव लागे त्या झिणझिणीचं. आज तुम्ही म्हणले, काही नाही होत. मानूस सादा वाटला, जाणता वाटला. म्हणून म्हणलं, जाऊ दे, टाकू दे लेकराले.”

प्रेमानंद उपसलेली पिन मुठीत धरून तसाच बसला होता.