नऊ सेकंदांची शांतता

मित्रांनो, मी एका मोठ्या कचेरीतला जुना निरोप्या आहे. दिसायला नुसतं राखाडी खोकं; पण कुणी फोन उचलला नाही, की बोलणाऱ्याचा आवाज मी जपून ठेवतो. माझ्या पोटात दोन डिस्क आहेत, एकीखाली एक. प्रत्येक निरोप मी दोन्हींवर लिहितो, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. चौदा वर्षं झाली, तरी माणसाच्या आवाजाचं मला नवल वाटतं. एवढासा श्वास, आणि त्यात अख्खा माणूस मावतो!

माझ्या शेजारच्या टेबलावर ऑपरेटर ताई बसतात. त्यांची लेक बोलताना अडखळते, म्हणून फोनला हातच लावत नसे. एका दुपारी ताई दुसऱ्या फोनवर गुंतल्या होत्या आणि तिचा फोन माझ्याकडे आला.

"आई, मी..." एवढं म्हणून ती थांबली. दहा सेकंद कुणी गप्प राहिलं की फोन तोडायचा, असा मला नियम घालून दिलेला. मी मोजू लागलो. सात. आठ. नऊ.

"...मी दूध तापवून ठेवलंय. तू सावकाश ये."

तेव्हापासून ताई रोज जेवणाच्या सुट्टीत तो निरोप ऐकतात.

पुढे माझी एक डिस्क आजारी पडली आणि कटकट आवाज करू लागली. मी लाल दिवा लावला, पिरपिर केली. कुणीतरी पिरपिर बंद केली आणि दिवा डोळ्यांवर येतो म्हणून त्यावर कागद चिकटवला! महिन्याभराने दुरुस्तीवाले काका आले. पडद्यावर त्यांनी 'डिस्क १ खराब' असं वाचलं आणि वरच्या डिस्कला हात घातला. अहो, आम्ही यंत्रं शून्यापासून मोजतो! वरची शून्य, खालची एक. काढलेल्या डिस्कवरचं कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिला तिथल्या तिथे भोक पाडायचं, ही कचेरीची शिस्त. काकांनी ड्रिल काढूनच ठेवलं होतं. माझ्या पोटात हजारो आवाज, पण 'ही नव्हे' म्हणायला स्वतःचा एकही नाही.

"थांबा हो काका," ताई म्हणाल्या. "ती कट्‌कट् खालून येतेय. महिनाभर ऐकतेय मी."

"ताई, मशीन काय खोटं सांगतंय?"

"कान लावून बघा तर खरं."

काकांनी कान लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा! हे शून्यापासून मोजतंय आणि मी एकापासून!"

खालची डिस्क निघाली, नवी बसली. तीन तास मी एकेक निरोप तिच्यावर उतरवत होतो आणि मनात थक्क होत होतो. दिवसभर परक्यांचे आवाज ऐकणाऱ्या या बाईने माझी कुरकुरही ओळखली होती.

काम संपल्यावर ताईंनी भीतभीतच तो निरोप लावला. "आई, मी..." मग शांतता. काकांनीही श्वास रोखला. सात. आठ. नऊ.

"...मी दूध तापवून ठेवलंय."

ताईंनी डोळे पुसले आणि काकांकडून माझा दहा सेकंदांचा नियम तीस सेकंदांचा करून घेतला.

मित्रांनो, लाल दिव्यावर कागद चिकटवू नका. आणि कुणी बोलता बोलता थांबलं, तर फोन ठेवायची घाई करू नका.