लाल रुमालवालीची पाठ

विमलताईनं माझी ताटली परत आणली ती करंज्यांनी भरून. आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे मला बरंच वाटलं. माझी छकुली कडेवर रडत होती, ताईला उमरखेडच्या एसटीची घाई. "सांभाळून ठेव बाई तुही रशियावाली," म्हणाली आणि गेली.

दुपारी करंज्या डब्यात काढल्या, ताटली धुवायला घेतली. बाबांची सवय मलाही लागलेली, आधी पाठीवर अंगठा फिरवायचा. रशियात झारच्या कारखान्यात उरलेल्या कोऱ्या ताटल्यांवर क्रांतीनंतर नवी चित्रं रंगवली गेली. पाठीवरची झारची खूण बुजवायला वर हिरव्या रंगाचा ठिपका दिला. तो बोटाला लागतो, वाळलेल्या मेंदीसारखा.

आज अंगठा सरळ घसरला. हिरवं होतं, पण छापलेलं.

उलटून पाहिलं. लाल रुमाल बांधलेली बाई, हातात विळा, भोवती रशियन अक्षरांत कामगार-शेतकऱ्यांचा जयजयकार. सगळं जागच्या जागी, फक्त हातानं रंगवताना हलते तशी ब्रशची एकही रेघ हललेली नाही. अशा नकला मोबाइलवर मागवता येतात. ताईला त्या मीच दाखवल्या होत्या, हसत हसत.

माझे बाबा, घनश्याम फिटर, तरुणपणी भिलाईला पोलाद कारखान्यात कामाला होते. तिथल्या एका रशियन इंजिनिअरच्या बायकोनं मायदेशी परतताना त्यांना ही ताटली दिली. पुढं नागपूर, हैदराबादच्या जुन्या बाजारांतून आणखी सहा गोळा झाल्या. आई वैतागायची, "लोक सोनं घेतेत, हा माणूस बश्या घेते!" मी मात्र त्यांच्या मांडीवर बसून पाठीवरच्या खुणा शिकले. लग्नात त्यांनी सातही माझ्या हाती दिल्या. "तुलेच समजते याच्यातलं, अर्पिता."

नवरात्रात ताईच्या नव्या घराची वास्तुशांती होती. "शोकेस रिकामं दिसून राह्यलं. चार दिवस मांडतो, देतो आणून." ती म्हणाली, आणि मी लाल रुमालवाली दिली. सख्ख्या बहिणीला नाही कसं म्हणायचं?

ताईला फोन केला नाही. बाबा पावसाळ्यापासून तिच्याकडेच होते, मोतीबिंदूनं नजर अधू झालेली. घोर होता तो त्यांचाच. आपली लेक असं वागली हे ऐकून माणूस खचेल. आठवडाभर छकुलीला थोपटता थोपटता मी वाक्यं जुळवत राहिले.

रविवारी माझा नवरा कपिल त्यांना घेऊन दारव्ह्याला आमच्या घरी आला. दर खेपेला बाबा चहाच्या आधी लाल रुमालवाली मागायचे. या वेळी मागितली नाही. मीच नेऊन मांडीवर ठेवली. त्यांनी वरूनच हात फिरवला. उलटी केली नाही.

"बराबर हाये," म्हणाले.

"बाबा, पाठ नाही पाहिली?"

"कायले पाहू?"

मी त्यांचा अंगठा धरला आणि पाठीवर टेकवला. त्यांनी तो हलवलासुद्धा नाही.

"तुम्हाले माहीत होतं."

त्यांनी अंगठा काढून घेतला. "विमलच्या शोकेसले काच हाये, कुलूप हाये. तुह्या घरी लहान पोट्टी. फुटली असती, बेटा."

"दीड वर्षाची झाली ती. एकीचाही टवका नाही उडाला. मले सरळ मागायची ना, मग!"

"तू दिली नसती."

"आन् नकली? तीही तुम्हीच सांगितली मागवाले?"

"तुले वाईट वाटू नये म्हणून," बाबा म्हणाले. "मले वाटलं, लेकरापायी तुले आता पाहाले टाइम कुठं भेटते."

तेवढ्यात छकुली दुडदुडत आली आणि मांडीवरच्या ताटलीला लोंबकळली. बाबांचा हात सवयीनं ताटली वर उचलायला निघाला. मग मधेच थांबला.

बाकीच्या सहा मी त्याच दुपारी पेटीत ठेवल्या. किल्ली फिरल्याचा आवाज बाबांना ऐकू गेला असणार.

संध्याकाळी छकुलीचा वरण-भात सातव्या, नकली ताटलीत कालवला. पोट भरल्यावर तिनं ती फरशीवर दोनदा आपटली. बाबांनी दोन्ही वेळा आवाजाकडे मान वळवली.

फुटली नाही.