दारात ठेवलेला खल

मित्रांनो, दोन वर्षे मी दार उघडे धरण्याचा धोंडा होतो. खरा मी खल. काळ्या खरखरीत दगडाचा, तीन आखूड पायांचा. मेक्सिकोतल्या गावाहून एउलालिया आजीने मला शालीत गुंडाळून कॅलिफोर्नियात आणले. नवा असताना तिने माझ्यात नऊ दिवस कच्चे तांदूळ वाटले. दगडाची कच जाऊन पीठ पांढरे निघाले, मगच मिरची. पुढे तीस वर्षे टोमॅटो, लसूण, मिरची, आणि तिच्या हाताचा तळवा.

मग साखरेच्या आजाराने आजीच्या पायाची दोन बोटे गेली. त्याच वर्षी डॉक्टरांनी तिच्या आठ वर्षांच्या नातीचे, यारेत्सीचे वजन पाहून बजावले, असेच चालले तर हिलाही तोच आजार होईल. काय खावे, याचा एक कागद हातात दिला. त्यावर सगळी परकी ताटे. पोरीची आई मारिसेला घाबरली. तिला वाटले, आपले जेवणच विष. घेवड्याची उसळ बंद, मक्याच्या पोळ्या बंद, मी दारात. पोरगी उकडलेल्या भाज्या खाईना. कोपऱ्यावरच्या दुकानातून चिप्स आणि गोड सोडा आणून माझ्या शेजारी, उंबऱ्यावर बसून खाई. वजन वाढतच गेले. मी नुसता पाहत होतो.

एक दिवस ओफेलिया आली. त्याच वस्तीतली, एकेकाळी संत्र्याच्या बागेत तोडणी करणारी, आता आरोग्यसेविका.

"शनिवारी चर्चच्या सभागृहात रांधायचंय," ती म्हणाली. "घरातलं जुनं भांडं आणा आणि आजीला आणा. तो कागद राहू दे घरीच."

यारेत्सीने मला पोटाशी धरून नेले. वरवर विसळून टोमॅटोची चटणी वाटली. बायकांनी चाखली आणि दाताखाली करकर वाजले.

"बाई गं, ही चटणी की रस्ता?" शेजारची चेंचा म्हणाली. सभागृह खदखदले.

"म्हटलं नव्हतं, आई, टाकून दे हा धोंडा!" मारिसेला पुटपुटली. यारेत्सीची मान खाली गेली.

आजी म्हणाली, "त्याचा काय दोष? दारात ठेवलास, धूळच खाल्ली त्यानं. यारे, घरी चल. तांदूळ काढ."

रोज शाळेतून आल्यावर पोरगी तांदूळ वाटी. आजी खुर्चीत बसून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवी.

"अजून कच आहे."

"आबुएला, हात दुखले माझे!" आजीला ती आबुएलाच म्हणे.

"दुखू देत. भूक तरी लागेल जेवणाची."

सातव्या दिवशी पीठ पांढरे निघाले. ओफेलियाने घरचे ताट बदलले नाही. उसळीतली डुकराची चरबी तेवढी काढायला लावली, सोड्याऐवजी लिंबूपाणी दिले. घेवडा परतला, पोळ्या परतल्या, निवडुंगाची भाजी आली. यारेत्सी उंबऱ्यावरून उठून टेबलाशी बसू लागली.

वसंतात डॉक्टर म्हणाले, वजन थांबले आहे, साखरही ठीक आहे. ते ऐकायला आजी नव्हती. जानेवारीतच ती गेली.

आता आठवडाभर मारिसेला बागेत तोडणीला आणि यारेत्सी शाळेत असते. मी ओट्यावर एकटा. बत्त्याला आजीच्या तळव्याची गुळगुळीत जागा आहे. पोरीचा हात तिथे अजून पुरत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी माझ्यासारखा दारात बसला असेल, तर त्याला आत घ्या. पहिले काही दिवस कच लागेल, तेवढी सोसा.

काल शनिवार होता. यारेत्सीने बोटभर चटणी चाखली, आणि रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "कच नाही, आबुएला."