बल्दियाने मिटवलेलं भांडण

त्रिवेणीबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की भांडण त्यांचं होतं. तर ते मिटवायच्या आधी त्यांना विचारायला पाहिजे होतं.

रश्मीने विचारलं नाही. ही काय रीत झाली? वर्षभर जिच्या घरचा चहा प्यायला, जिच्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून वेचून खाल्ले, तिचं एवढं मेहनतीने वाढवलेलं भांडण या पोरीने ऑफिसात बसल्या बसल्या मिटवलं आणि वर बल्दियाला, म्हणजे महापालिकेला, कळवूनही मोकळी झाली. त्रिवेणीबाईंना कळलं कधी? तर शनिवारी. चार वाजले, बाई ठेवणीतली साडी नेसून बसल्या, सुनेने आधण ठेवलं, मुलगा फ्रीजवर मोबाईल ठेवून खुर्चीत येऊन बसला, आणि दारात कोणी आलंच नाही. आधण आटलं तेव्हा सुनेने फोन लावला.

"आजी, तुमची केस क्लोज झाली ना!" पलीकडून रश्मी आनंदाने ओरडली. "काँग्रॅच्युलेशन्स!"

त्रिवेणीबाईंनी फोन सुनेच्या हातात असा टाकला, जसं काही आतून झुरळ निघालं होतं.

आता हे भांडण काही साधंसुधं नव्हतं. गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीला पाहुणे येणार म्हणून सुनेने, स्वप्नाने, सासूची खाट पुढच्या खोलीतून आत हलवली आणि तिथे नवा सोफा मांडला. त्या खाटेवरून त्रिवेणीबाईंना सगळी गल्ली दिसायची. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कोठीच्या बाजारातल्या साडीच्या दुकानाची पिशवी आहे आणि ती कुणापासून लपवून आणली आहे, हे त्यांना त्या पिशवीच्या मालकिणीआधी कळायचं. आतल्या खोलीच्या खिडकीतून दिसायची शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. टाकीकडे बघून बघून माणूस किती बघणार? त्रिवेणीबाईंनी सुनेशी बोलणं सोडलं.

स्वप्नाही काही कमी नव्हती. ती कोठीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते, दिवसभर आजारी माणसांचं आणि त्याहून जास्त त्यांच्या नातेवाइकांचं ऐकून घेते. घरी येऊन आणखी ऐकून घ्यायला ती रिकामी नव्हती. तिनेही बोलणं सोडलं. मग जे काय सांगायचं ते आदर्शमार्फत.

"आदर्श, तुझ्या बायकोला सांग, वरणात मीठ नाही."

"अहो, आत्यांना सांगा, बीपीची गोळी पण पोटात गेलेली नाही." स्वप्ना सासूला आत्या म्हणायची, ही त्यांची मराठवाड्याकडची पद्धत.

तिघंही एकाच खोलीत असायची, एकाच ताटाळ्यातली ताटं घेऊन. आदर्श घरी नसला, की दोघी कुकरला सांगायच्या. कुकर बिचारा शिट्टी मारून निरोप पोचवायचा. आदर्शला मात्र शिट्टीची सोय नव्हती. तो हळूहळू घरी येईनासा झाला. बँकेतून सुटला की मित्रांत, मित्रांतून सुटला की मोबाईलमध्ये. जेवायला बसला तरी डोळे त्या काचेतच.

अशात वॉर्ड ऑफिसच्या वरच्या मजल्यावर बल्दियाने कुटुंब आधार केंद्र उघडलं. हैदराबादेत महापालिकेला अजून सगळे बल्दियाच म्हणतात. बल्दिया रस्ते झाडते, कचरा उचलते, पण लोकांच्या घरातली भांडणं उचलायला तिच्याकडे माणसं नाहीत. म्हणून तिने टेंडर काढलं आणि हे काम वर्षभराच्या कराराने एका लहानशा संस्थेला दिलं. त्रिवेणीबाई तरातरा जिना चढून गेल्या आणि सुनेवर तक्रार ठोकून आल्या. त्या तक्रारीमागोमाग घरी आली त्या संस्थेची रश्मी.

रश्मी हिमायतनगरच्या जुन्या वकील घराण्यातली. मराठी बोलायची ती तेलुगू, हिंदी, इंग्रजी असं सगळं एका भांड्यात कालवून. आणि मराठी वाचायला दिलं, तर चाचपडत जिना उतरल्यासारखी एकेक अक्षर उतरायची. त्रिवेणीबाईंना याचं फार समाधान वाटे. त्या स्वतः दुसरीतून उठलेल्या. "आम्ही दोघी सारख्याच शिकलेल्या," असं त्या चारचौघांत सांगत.

रश्मीने दोन नियम घातले. एक, शनिवारी चारला घरातली सगळी माणसं हजर पाहिजेत, आदर्शसुद्धा, आणि सगळ्यांचे मोबाईल फ्रीजवर. दुसरा, एकीने बोलायचं; दुसरीने उत्तर द्यायच्या आधी पहिली काय म्हणाली ते सांगायचं, आणि सुरुवात करायची 'मला वाटतंय'ने.

"मी काय पोपट हाय का?" त्रिवेणीबाई म्हणाल्या. पण मग त्यांनी पदर खांद्यावर ओढला, मान वाकडी केली आणि सुनेचं सगळं म्हणणं सुनेच्याच आवाजात, तिच्या काउंटरवरच्या "टोकन नंबर सांगा"च्या सुरात असं काही म्हणून दाखवलं, की स्वप्नाला हसू फुटलं. भांडण बिघडायला लागलं ते तिथून. पावसाळ्यापर्यंत खाट परत पुढच्या खोलीत आली आणि सोफा टाकी बघायला आत गेला. दोघी बोलायला लागल्या. नुसत्या बोलायला नाही, रश्मीच्या पाठीमागे हसायलाही लागल्या.

पण भांडण मिटल्याचं रश्मीला कोणीच सांगितलं नाही. शुक्रवारी भाजी निवडता निवडता सासू-सुना ठरवायच्या, उद्या काय काढायचं. "मागच्या वेळी लोणचं झालं, आता गॅस सिलेंडर घे." कारण शनिवारी चारला आदर्श घरात असायचा. फोनशिवाय. आधी तो छताकडे बघत बसायचा, मग चिवडा खायला लागला, मग एकदा बोलला. आपला मॅनेजर गिऱ्हाइकासमोर कसा हात चोळतो ते त्याने उठून करून दाखवलं, आणि लहानपणी हसायचा तसा खदाखदा हसला. तेवढ्या एका तासासाठी त्या दोघी कशावरूनही भांडायला तयार होत्या.

आणि आता केस क्लोज.

त्यात वॉर्ड ऑफिसातून फोन आला, की गुरुवारी दोन्ही पार्ट्यांनी यावं. यादगिरी सर, म्हणजे हे काम बघणारे बल्दियाचे अधिकारी, स्वतः विचारणार आहेत की भांडण खरंच मिटलं का. स्वप्नाने अर्धी रजा टाकली. दोघी रिक्षाने निघाल्या. त्रिवेणीबाई वाटभर फणफणत होत्या आणि स्वप्ना वाटभर "आत्या, हळू, रिक्षावाला ऐकायलाय" म्हणत होती.

"ऐकू दे. त्याला बी सासू असंल."

वॉर्ड ऑफिसच्या व्हरांड्यात रश्मी उभी होती. चेहरा असा, की त्रिवेणीबाईंनी घोकून आणलेल्या शिव्या घशातच राहिल्या.

"आजी, सॉरी. पण ऐका ना. आमचं वर्ष संपतंय. पुढच्या टेंडरला एक मोठी कंपनी आलीय बाहेरची. ते लोक घरी येत नाहीत, सगळं फोनवरच करतात. आणि बल्दिया बघते, कुणी किती केसेस क्लोज केल्या. आमच्या केसेस तुमच्यासारख्याच... म्हणजे वर्षभर चालूच. म्हणून आमच्या संस्थेच्या मॅडम म्हणाल्या, ज्या झाल्यासारख्या दिसतात त्या क्लोज कर."

"फोनवर कसं करतात?" स्वप्नाने विचारलं.

"फॉर मदर-इन-लॉ प्रेस वन," रश्मी रडवेली होऊन म्हणाली. "तसलंच काहीतरी."

"अन् सुनेला दोन नंबर?" त्रिवेणीबाईंना क्षणभर ती व्यवस्था पटली. मग त्यांनी मान हलवली. "म्हंजे मी आत जाऊन नाही मिटलं म्हटलं तर?"

"तर आम्ही खोटा रिपोर्ट दिला असं होतं. मग आमचं काम गेलंच."

"अन् मिटलं म्हटलं तर?"

मिटलं म्हटलं तर शनिवार गेला, हे तिघींनाही कळत होतं.

"आत्या, मिटलं म्हणा," स्वप्ना हळूच म्हणाली. "पोरीची नोकरी हाय."

"अन् आपल्या पोराचं काय?" त्रिवेणीबाई म्हणाल्या, आणि पदर खोचून आत गेल्या.

हॉलमध्ये यादगिरी सर टेबलामागे बसले होते. जाड मिशा, कपाळावर टिळा, आणि सकाळपासून लोकांची मिटलेली भांडणं ऐकून जडावलेले डोळे. मराठी त्यांना जेमतेम कळायची. त्यांनी आधी तेलुगूत विचारलं, मग बाईंकडे बघून इथल्या दखनी हिंदीवर आले.

"बैठो अम्मा. झगडा खतम हुआ क्या नै?"

त्रिवेणीबाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. "साहब, हौ बोलूं तो ये छोकरी मेरे घर को नै आती. नै बोलूं तो तुम इसको निकाल देते. ऐसा कैसा सवाल पूछते जी तुम?"

सरांच्या मिशा हलल्या. "सवाल बल्दिया का है अम्मा, मेरा नै. हौ या नै?"

त्रिवेणीबाईंनी रश्मीकडे पाहिलं. रश्मी ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. बाईंनी एक मोठा श्वास घेतला.

"हौ. खतम. इसीच छोकरीने करी." रश्मीची गाठ सुटली. "वो झगडा खतम. अब नवा लिखो."

"नवा? किससे?"

"इसीसे!" त्रिवेणीबाईंनी सुनेकडे बोट केलं.

"माझ्याशी?" स्वप्ना उठून उभीच राहिली. "मी आता काय केलं?"

"काय केलीस? शनिवारी ही आली नाही म्हणल्यावर तो चपला घालून निघाला. अन् तू भजी तळत बसलीस! दारात आडवी झालीस का?"

"मी जाऊ दिलं? तुम्हीच म्हणालात की, जा बाबा, आता इथं काय काम तुझं!"

"ते मी रागानं म्हणलं!"

"मग मला काय माहीत, रागानं म्हणायलात की खरं म्हणायलात? वर्षभर दोन्ही सारखंच ऐकू यायलंय!"

"एक मिनिट, एक मिनिट." रश्मीचा हात सवयीने वर गेला. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, हे ती विसरली. "आजी, ताई काय म्हणाल्या ते आधी सांगा."

आणि त्रिवेणीबाईंचाही पदर सवयीने खांद्यावर गेला. मान वाकडी झाली. "'मला वाटतंय, की आत्या तोडून बोलल्या, म्हणून आदर्श निघून गेला.'"

"आता ताई, तुम्ही."

"'मला वाटतंय, की बायकोनं थांब म्हटलं नाही,'" स्वप्ना सासूच्या जड आवाजात म्हणाली, "'म्हणून माझा लेक निघून गेला.'"

बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी दारातून माना आत घातल्या होत्या, त्याही तशाच राहिल्या.

यादगिरी सर टेबलावर पुढे झुकले. शब्द नाही, पण सूर त्यांना कळला होता. "ये दोनों किसके वास्ते लड रहे?" त्यांनी रश्मीला विचारलं.

"मेरे बेटे के वास्ते," त्रिवेणीबाईच म्हणाल्या. आवाज आता खाली आला होता. "घर में रहता, पर रहता नै. बाजू में बैठता, पर बैठता नै. ये हफ्ते को एक बार आती थी, तो वो एक घंटा हमारा होता था."

सरांनी चष्मा काढून पुसला. "तो अम्मा, शिकायत बेटे पे होना ना? बहू पे काय को?"

सासूने सुनेकडे पाहिलं, सुनेने सासूकडे. ही गोष्ट आपल्याला आधी सुचली नाही, याचा त्रिवेणीबाईंना भारी राग आला. पण तो त्यांनी पुढे कधीतरी वापरायला ठेवून दिला.

"लिखो," त्या म्हणाल्या. "आदर्श. बाप का नाम भिवाजी. शिकायत करनेवाली, मैं."

"और मैं," स्वप्ना म्हणाली.

त्रिवेणीबाईंनी जीभ किंचित बाहेर काढून, पेन दाबून, सावकाश सही केली. खाली सुनेने केली. सरांनी तो कागद उलटसुलट बघितला. सासू आणि सून एका बाजूला, असा कागद त्यांच्या टेबलावर पहिल्यांदाच आला असावा.

"पुरानी केस बंद," ते रश्मीला म्हणाले. "ये नवी तुम्हारे पास. और मेरे सामने लिखी केस हम बीच में दूसरे को नै देते. तो तुम्हारी मुदत बढाने का लिख के ऊपर भेजना पडता. बडे साहब हौ बोलेंगे." मग ते बाईंकडे वळले. "तब तक तो चलेगी ना अम्मा, केस?"

"तुम फिकीर नक्को करो," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "लडका बाप पे गया है."

व्हरांड्यात आल्या न आल्या तोच स्वप्नाचा फोन वाजला. आतल्या क्लार्कने लगेच नंबर फिरवलेला दिसत होता.

"स्वप्ना, बल्दियातून फोन आला होता!" आदर्शचा आवाज फोनबाहेर ओसंडत होता. "शनिवारी चारला हजर राहा म्हणतात! माझ्यावर केस आहे म्हणे! मी काय केलं? आणि कुणी केली?"

"घरी या लवकर," स्वप्ना गोड आवाजात म्हणाली. "बसून बोलू."

पलीकडे खुर्ची करकरत मागे सरली. मग तो म्हणाला, "येतो. निघालोच."

स्वप्नाने फोन पर्समध्ये टाकला आणि तोंडावर रुमाल धरून हसू दाबलं. रश्मीने मात्र धावत येऊन त्रिवेणीबाईंना मिठीच मारली.

"आजी, थँक्यू, थँक्यू! तुम्ही काळजीच करू नका. आदर्शदादांचं मी एकदम मनावर घेते. दोन-तीन शनिवारांत सॉल्व्ह करून टाकू!"

त्रिवेणीबाईंनी तिचे हात गळ्यातून काढले, तिला हातभर लांब उभं केलं आणि नखशिखान्त न्याहाळलं.

"ऐक रश्मी. पोरगी तू मनानं चांगली हायस. गोडीनं बोलतीस, दुसऱ्याचं ऐकून घेतीस, ते माझ्या पोटच्या पोराला बी जमत नाही. पण तुझा हात लई भराभर चालतो, अन् माणसांच्या कामात असा चालता हात कामाचा नाही. आता कान देऊन ऐक, मी परत सांगणार नाही. माझा पोरगा जर लवकर सुधरला ना, तर तुझी गाठ माझ्याशी हाय."